फी नाही, पण पाच आठवडे काम



गेल्या रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. आमच्या मागच्या चाळीतली एक सून हातात कागद घेऊन आली. एरवी ती कोपऱ्यावरून हाका मारत येते. त्या दिवशी गप्प येऊन पायरीवर बसली. "मावशी, हे वाचा जरा," म्हणाली. कागद तिच्या मुलीच्या शाळेचा होता. आफ्रिकेतल्या केनिया देशात, नैरोबी शहराच्या झोपडपट्टीत एक शाळा चालते. तिथल्या गरीब मुलांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याने शुक्रवारपर्यंत किमान पन्नास रुपये आणावेत, असे त्यात लिहिले होते. खाली एका मुलाचा फोटो. अंगात फाटका सदरा, मोठे मोठे डोळे, मागे गटाराचे पाणी.

"पन्नास रुपयांचं काही नाही मावशी," ती म्हणाली, "पण ह्यांची कंपनी बंद पडून सहा महिने झाले. मी तीन घरची धुणीभांडी करते. आम्हीच गरीब, आणि आम्ही कोणत्या गरिबाला द्यायचं? नाही दिलं तर वर्गात माझ्याच पोरीची मान खाली. आणि खरंच आहे का अशी शाळा, का नुसतं आपलं पैसे गोळा करायचं काम?"

मी तिला म्हटले, "आधी चहा घे." चहा उकळेपर्यंत मी कागद पुन्हा वाचला. शाळेचे नाव त्यात नव्हते. कोण चालवते, कधीपासून चालवते, पैसे कोणाच्या हाती जाणार, काहीच नाही. 'आफ्रिकेतील झोपडपट्टी' एवढेच. जणू आफ्रिका म्हणजे एखादे गाव आहे आणि त्या गावात एकच झोपडपट्टी आहे!

तिच्या प्रश्नाचे उत्तर एका कप चहात मावणारे नव्हते. तीस वर्षे मी शिक्षिकेची नोकरी केली. गरिबांच्या शाळा कुठे कशा चालतात हे मिळेल तिथून वाचत राहण्याची खोड मला तेव्हापासूनची आहे. म्हणून आज या सदरात मी तिलाच उत्तर देते आहे. तुम्हीही सोबत बसा.

नैरोबीत झोपडवस्त्या पुष्कळ आहेत. मथारे, मुकुरू, कोरोगोचो ही त्यांतली काही नावे. पण जगभर बोलबाला झाला तो किबेरा या वस्तीचा. शहराच्या मध्यापासून नैर्ऋत्येला, साधारण पाच किलोमीटरवर ही वस्ती आहे. इंग्रजांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत सुदानकडचे नुबी शिपाई होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना इथल्या रानात राहायला जागा दिली गेली. त्यांच्या भाषेत किब्रा म्हणजे रान. जागा मिळाली, पण मालकीचा कागद मिळाला नाही. शिपायांची नातवंडे-पतवंडे तिथेच जन्मली, तिथेच म्हातारी झाली, आणि त्या समाजाला २८८ एकरांचा सामूहिक मालकीचा कागद मिळाला तो थेट २०१७ साली. मधल्या काळात खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात आलेली लुओ, लुह्या, कांबा अशा कितीतरी जमातींची माणसे तिथे भाड्याने राहू लागली.

वस्तीच्या मधून रेल्वेचा रूळ जातो. रुळाच्या दोन्ही अंगांना भाजीवाले, जुने कपडे विकणारे, मासे तळणाऱ्या बाया बसतात. गाडी आली की माल मागे ओढायचा, गेली की पुन्हा मांडायचा. या रेल्वेशी आपल्या देशाचा जुना आणि दुःखाचा संबंध आहे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा मार्ग इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात टाकला, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. बहुतेक पंजाबकडचे. त्यांतले सुमारे अडीच हजार परत आलेच नाहीत. रोगाने, अपघाताने तिथेच गेले. नैरोबी शहर मुळात या रेल्वेच्या एका मुक्कामातून १८९९ साली उभे राहिले. आजही तिथल्या गरिबाच्या घरी सणाला जी पोळी लाटतात तिला 'चपाती'च म्हणतात, आणि मुगाची उसळ तर रोजच्या खानावळीत मिळते.

घर म्हणजे साधारण बारा फूट बाय बारा फुटांची एक खोली. मातीच्या भिंती, वर पत्रा. त्यात एक कुटुंब. बहुतेक लोक भाडेकरू आहेत. खोलीचा मालक दुसरीकडे राहतो आणि महिन्याला भाडे घेऊन जातो. पाणी विकत, संडाससुद्धा पैसे देऊन. पुरुष पहाटे उठून कारखान्यांच्या भागाकडे रोजंदारी मिळते का बघायला निघतात. बसचे पैसे वाचावेत म्हणून पायी जातात. बायका मोठ्या लोकांच्या वसाहतींच्या फाटकाबाहेर ताटकळत बसतात. आतून कोणी हाक मारली तर त्या दिवशीचे धुणे मिळते. अशा बाईला तिकडे 'मामा फुआ' म्हणतात. मामा म्हणजे आई, फुआ म्हणजे धुणे. जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सोबत 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी. या भाजीच्या नावाचा अर्थ मला फार आवडला. सुकुमा विकी म्हणजे 'आठवडा ढकल'. पगार होईपर्यंतचे दिवस या भाजीवर ढकलायचे! माझी आई महिनाअखेरीला पिठले करायची, तेव्हा तिने काही वेगळे नाव दिले नसते.

तर अशा वस्तीत शाळा कुठून येणार? जमीन सरकारी, वस्ती बेकायदा. मग सरकारने आत शाळा बांधायची कशाला, असा हिशेब कित्येक वर्षे चालला. सरकारी शाळा होत्या त्या वस्तीच्या कडेकडेने, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग लोकांनी आपल्या शाळा आपणच काढल्या. कुणी बारावीपर्यंत शिकलेल्या तरुणाने, कुणी चर्चमधल्या मंडळींनी, कुणी एखाद्या विधवा शिक्षिकेने. पत्र्याची शेड भाड्याने घ्यायची, मधे फळकुटे मारून चार वर्ग करायचे. पहिलीचे पाढे तिसरीत ऐकू येतात, तिसरीची कविता पाचवीत. २००३ साली जेम्स टूली या इंग्रज अभ्यासकाच्या पथकाने किबेरात गल्लोगल्ली फिरून मोजणी केली, तेव्हा अशा ७६ खाजगी शाळा आणि त्यांत बारा हजारांवर मुले आढळली. सरकारदरबारी त्यांतल्या बहुतेक शाळांची नीट नोंदही नव्हती.

त्याच २००३ सालच्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली. हे मोठे काम झाले, ते मान्यच केले पाहिजे. देशभरातल्या प्राथमिक शाळांतली पटसंख्या ५९ लाखांवरून ७२ लाखांच्या आसपास गेली. मारूगे नावाचे ८४ वर्षांचे एक आजोबा २००४ साली गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले, ही गोष्ट जगभर गाजली. पण फी गेली म्हणजे खर्च गेला असे होत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गणवेश, बूट, वह्या, परीक्षेचे पैसे. आणि वर्ग इतके भरले की एका बाईंच्या पुढ्यात सत्तर-ऐंशी मुले. म्हणून पत्र्याच्या शाळा बंद पडल्या नाहीत. थोडी फी देऊन का होईना, जवळची, ओळखीच्या मास्तरांची शाळा बरी, असे पुष्कळ आयांना वाटले. पुढे माध्यमिकचा प्रश्न आणखी अवघड, कारण केनियात माध्यमिक शाळा पुष्कळशा वसतिगृहाच्या, आणि त्यांचा खर्च रोजंदारीवाल्याच्या आवाक्याबाहेरचा.

मदतीचा ओघ सुरू झाला तो या शाळांकडे. युरोप-अमेरिकेतल्या मंडळ्या, चर्चेस, कॉलेजची मुले. कुणी बाके दिली, कुणी भिंती रंगवल्या, कुणी दोन आठवडे शिकवून गेले. शिक्षिका म्हणून सांगते, दोन आठवड्यांनी बदलणारे गुरुजी मुलांना काय शिकवणार? मुले गाणे शिकतात आणि निरोप द्यायला शिकतात.

आणि या ओघाबरोबर आकडा फुगला. किबेरात दहा लाख माणसे राहतात, आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, असे पत्रकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. २००९ साली केनियाची जनगणना झाली. किबेराच्या वस्त्यांतली माणसे मोजली तर भरली १,७०,०७०. दहा लाख कुठे आणि पावणेदोन लाखांच्या आत कुठे! या मोजणीवर वादही झाला, काही लोक सुटले असतील हेही खरे. पण पाच-सहा पट फरक सुटण्याने पडत नाही. माझे म्हणणे असे, की पावणेदोन लाख माणसे चिखलात राहतात हे दुःख काही कमी आहे का? ते दहा लाख करून सांगावे असे कोणाला वाटले, आणि का वाटले? दुःखाला भाव मिळतो म्हणून. मदत मागणाऱ्या कागदावर आकडे पाहिले की मी तेव्हापासून दोनदा वाचते.

फोटोचेही तेच. इथे मला माझी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी चौथीत असताना एका संस्थेने आमच्या वस्तीतल्या मुलांना वह्या वाटल्या. आम्हाला रांगेत उभे केले. मला भलता आनंद झाला होता, नव्या वहीचा वास घेत होते. कॅमेरावाला म्हणाला, "ए मुली, हसू नकोस. साधी उभी राहा." मी हसू आवरले. घरी येऊन आईला सांगितले. आई काही बोलली नाही. वही ती वहीच, ती मी शेवटच्या पानापर्यंत लिहिली. पण पुढच्या वर्षी ती मंडळी आली तेव्हा आईने मला मावशीकडे पाठवून दिले.

किबेरात वाढलेल्या केनेडी ओडेडे यांनी २०१० साली एका अमेरिकन वर्तमानपत्रात लेख लिहिला होता, तो वाचताना मला माझी ती रांग आठवली. सोळा वर्षांचे असताना ते आपल्या खोलीबाहेर भांडी घासत होते. पोटात दोन दिवस अन्न नव्हते. तेवढ्यात परदेशी पाहुण्यांची एक तुकडी गल्लीतून गेली, त्यांतल्या एका बाईने त्यांचा फोटो काढला, आणि ते काही बोलण्याच्या आत ती पुढे निघून गेलीसुद्धा. पिंजऱ्यातल्या जनावरासारखे वाटले, असा त्यांचा सूर आहे. गरिबी बघायला सहल काढणाऱ्यांना त्यांनी त्या लेखात चांगलेच खडसावले आहे.

हे ओडेडे कोण? आठ भावंडांतले थोरले. लहानपणी काही काळ रस्त्यावर काढलेला. पुढे कारखान्यात दहा तास राबून जेमतेम एक डॉलर मजुरी मिळे. २००४ साली त्या मजुरीतून त्यांनी वीस सेंटचा एक फुटबॉल विकत घेतला आणि वस्तीतली पोरे जमवली. खेळ झाल्यावर बसून वस्तीच्या अडचणींवर बोलायचे. त्यातून संस्था उभी राहिली, तिचे नाव शायनिंग होप फॉर कम्युनिटीज. लोक तिला शोफ्को म्हणतात. २००७ साली जेसिका पोस्नर नावाची अमेरिकन विद्यार्थिनी तिथे नाटकाचे काम करायला आली. पुढे ओडेडे यांना अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली, आणि दोघांनी मिळून २००९ साली किबेरातच मुलींची शाळा काढली. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली.

मुलींचीच का? कारण जिथे एकालाच शाळेत घालण्याइतके पैसे आहेत तिथे मुलगा जातो आणि मुलगी पाण्याच्या रांगेत उभी राहते. मोठी झाली की तिच्यावर डोळा ठेवणारेही फार. शाळेत फी नाही. गणवेश, पुस्तके, जेवण, औषधपाणी शाळेकडून. प्रवेश देताना घरची गरज बघतात.

पण मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट वेगळीच आहे. या शाळेत मुलीला घातले की आई-बापाने, किंवा जे कोणी पालक असेल त्याने, वर्षातून पाच आठवडे शाळेत काम करायचे. फीच्या ऐवजी. स्वयंपाकात हात लावा, झाडलोट करा, जे शाळेला लागेल ते करा.

मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईने पाच आठवड्यांचे रोज बुडवायचे? हे कसले फुकट शिक्षण? आणि तो प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही. ज्या बाईचे पाचही आठवडे एकदम गेले तिची चूल कशी पेटणार, हे शाळेने बघायलाच हवे. पण नंतर माझ्या नोकरीतल्या पालकसभा आठवल्या. आया यायच्या, दाराशी उभ्या राहायच्या, "बाई, आम्हाला काय कळतंय" म्हणायच्या आणि सही करून जायच्या. शाळा त्यांना परक्याचे घर वाटायची. ज्या बाईने शाळेची भाजी चिरली आहे, शाळेचे अंगण झाडले आहे, ती "आज डाळ पातळ का?" असे विचारते. बाई वर्गात आल्या की नाहीत हे तिला दिसते. मुलीला शाळेतून काढून कामाला लावायची गोष्ट घरात निघाली, तर तिच्याकडे बोलायला तोंड असते, कारण त्या शाळेत तिचा घाम आहे. आपल्या वस्त्यांत वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी पाट्या उचलून ज्यांनी विहार बांधले त्यांना हे निराळे सांगायला नको. केनियातही ही रीत नवी नाही. १९६३ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा 'हरांबे', म्हणजे सगळे मिळून ओढू या, अशी हाक देऊन गावोगावच्या लोकांनी वर्गणीने आणि श्रमाने शाळा बांधल्या. त्यांना हरांबे शाळाच म्हणत.

दुसरी शहाणपणाची गोष्ट त्यांनी केली. नुसती मुलींची शाळा काढली असती तर वस्तीतल्या पुरुषांना तिच्याशी काय देणेघेणे? म्हणून शाळेच्या जोडीला सर्वांसाठी दवाखाना, स्वच्छ पाणी, संडास, बचतगट अशी कामे उभी केली. किबेरात जमिनीखालच्या नळांना गळती लागून घाण मिसळते, आणि पाणी विकणाऱ्या टोळ्या नळ तोडतात. म्हणून त्यांनी पाण्याची पाइपलाइन विजेच्या तारांसारखी खांबांवरून, डोक्यावरून नेली. वर असल्याने गळती लगेच दिसते आणि कोणी तोडायला गेला तर तोही दिसतो. आता पाणी भरायला आलेल्या माणसाला कळते की हे पाणी मुलींच्या शाळेमुळे आले. पुढे मथारेतही त्यांनी मुलींची शाळा काढली, आणि २०१८ साली या संस्थेला हिल्टन मानवतावादी पुरस्कार मिळाला.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगते. पाच आठवड्यांच्या झाडलोटीतून शिक्षकांचे पगार निघत नाहीत. पगार, पुस्तके, औषधे यांचा मोठा भार परदेशातल्या देणगीदारांवरच आहे. आणि अशा चांगल्या शाळेत जागा किती? बाकीची हजारो मुले पत्र्याच्या शाळांतच जातात, त्यांचे नाव कोणत्याही पुरस्कारात नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये नैरोबीच्या डागोरेटी भागात अशाच एका शाळेचा वरचा मजला सकाळी शाळा भरल्या भरल्या कोसळला. त्या दिवशी सात मुले दगावली. मग सरकार जागे झाले आणि कितीतरी शाळांना धोकादायक म्हणून टाळे लागले. पण त्या मुलांनी उद्यापासून कुठे जायचे याची सोय आधी कोणी केली नव्हती. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, किबेरातून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर फिरले. हजारो लोक बेघर झाले, आणि त्यांत शाळाही गेल्या. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात फीवर चालणाऱ्या गरीब शाळांच्या शिक्षकांना पगार कुठला? मध्य केनियातल्या एका खाजगी शाळेने तर रिकाम्या वर्गांत कोंबड्या पाळल्या. कित्येक छोट्या शाळा परत उघडल्याच नाहीत. भिंत रंगवायला आलेले पाहुणे अशा वेळी कुठेच नसतात. आणि २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने आपली परदेशी मदत एकाएकी आखडती घेतली, तेव्हा केनियातले कितीतरी दवाखाने आणि उपक्रम अडचणीत आले. एका देशातली निवडणूक आणि दुसऱ्या देशातल्या रुग्णाची गोळी, असा तो संबंध.

म्हणून मला नैरोबीतला जेवणाचा उपक्रम जास्त भरवशाचा वाटतो. वावीरा न्जीरू या केनियन तरुणीने २०१२ साली रुइरू गावात, एका लहानशा स्वयंपाकघरातून शाळेतल्या मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. २०२३ साली नैरोबीच्या कौंटी सरकारने तिच्या संस्थेला जोडीला घेऊन मोठमोठी स्वयंपाकघरे बांधली आणि सरकारी शाळांतल्या मुलांना दुपारचे गरम जेवण सुरू केले. भात, घेवडा, मूग असे साधे जेवण. मुलाच्या मनगटावर एक पट्टा असतो, तो यंत्राला टेकवला की ताट मिळते. पालकांनी द्यायचे पाच शिलिंग, म्हणजे आपले साधारण साडेतीन रुपये. बाकीचा खर्च सरकार आणि संस्था उचलतात. मनगटाचा पट्टा सगळ्यांचा सारखा. कोणाच्या आईने पैसे भरले आणि कोणाचे दुसऱ्याने भरले हे शेजारी बसलेल्या मुलाला कळत नाही. चौथीतल्या रांगेत उभी राहिलेली मी, मला त्या पट्ट्याचे मोल फार वाटते. फक्त, हे जेवण सरकारी शाळांसाठी आहे. पत्र्याच्या शाळेतले पोर अजून घरून आणलेल्या डब्यावर किंवा उपाशीपोटी बसते.

आता आमच्या सुनेचा प्रश्न. द्यावेत का पन्नास रुपये?

मी तिला सांगितले, देणे-न देणे तुझ्या घरची गोष्ट. ज्याच्या घरी कमाई थांबली आहे त्याने दिले नाही तर त्यात लाज कसली? पण आपणच गरीब, म्हणून दुसऱ्या गरिबाशी आपला संबंध नाही, असे मात्र मनात आणू नकोस. नैरोबीतल्या फाटकाबाहेर धुण्याची वाट बघणारी ती बाई तुझीच मैत्रीण शोभेल. तिची पोर शिकली तर तुला आनंद व्हायला पैसे लागत नाहीत. फक्त देण्याआधी विचारायचे. पन्नास रुपये देणाऱ्यालाही विचारायचा हक्क आहे. पन्नास हजार देणाऱ्याला पन्नास जात नाहीत, तुला जातात.

मग आम्ही दोघींनी मिळून शाळेला चिठ्ठी लिहिली. तिच्या मुलीने सुवाच्य अक्षरात उतरून काढली. ज्या शाळेला पैसे जाणार तिचे नाव काय? पैसे कोणामार्फत जाणार, आणि वाटेत बँकेचा व मधल्यांचा खर्च किती कापला जाणार? तिथल्या शिक्षकांना दर महिन्याला पगार मिळतो का? तिथल्या मुलांच्या आई-बापांना शाळेच्या कारभारात काही विचारतात का? आणि फोटोतल्या मुलाला, त्याच्या आईला, हा फोटो आमच्यापर्यंत आला आहे हे माहीत आहे का? हा शेवटचा प्रश्न सुनेने स्वतः सांगितला. मी सुचवला नव्हता.

मुलगी चिठ्ठी लिहिताना मधेच थांबली आणि म्हणाली, "आजी, त्या शाळेत आई पाच आठवडे काम करते, तर वर्गात आई आली की मुलींना लाज वाटत असेल का?" मी म्हटले, "तुला वाटेल का?" तिने थोडा विचार केला. "स्वयंपाक करायला आली तर नाही," म्हणाली. "पण झाडायला आली तर मी झाडू घेईन तिच्या हातातून."

सोमवारी चिठ्ठी शाळेत दिली. बुधवारी वर्गशिक्षिकेचा फोन आला. बाई चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का, कागद वरून आला तो आम्ही वाटला. हे कोणी विचारलंच नव्हतं. मी मुख्याध्यापकांना विचारते." पैसे आणायची मुदत सगळ्याच वर्गासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत वाढवली आहे, असेही त्यांनी सांगितले.

हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. पन्नासची नोट सुनेने साखरेच्या डब्याखाली वेगळी ठेवली आहे.